मूल्यशिक्षणाचा तास आणि जेवणाची पंगत

डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात, सुखीढांग येथील सरकारी शाळेत एका दलित महिलेची ‘भोजनमाता’ म्हणून नेमणूक झाली. माध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या स्त्रियांना त्या राज्यात हे नाव आहे. सवर्ण विद्यार्थ्यांनी तिच्या हातचे जेवण नाकारले. नेमणुकीच्या प्रक्रियेत दोष असल्याचे सांगून प्रशासनाने तिला दूर केले आणि तिच्या जागी सवर्ण स्त्री आणली; तेव्हा दलित विद्यार्थ्यांनी या नव्या स्वयंपाकिणीचे अन्न खाण्यास नकार दिला. देशभर गवगवा झाल्यावर चौकशीचा आदेश निघाला आणि पहिल्या महिलेला पुन्हा कामावर घेण्यात आले.

माध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असते. म्हणजे बहिष्कार घालणारी ही मुले जेमतेम तेरा-चौदा वर्षांची. एवढ्या लहान वयात कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, याचा पक्का विचार त्यांच्यापाशी होता, आणि तो त्यांच्या दृष्टीने नैतिक विचारच होता. घराने आणि गावाने तो त्यांना दिला होता. सोवळे-ओवळे, शुद्ध-अशुद्ध ही त्याची भाषा धर्माची होती. अशा मुलांना शाळा दुसरी नीती शिकवू शकते काय? धर्माशिवाय नीतिशिक्षण शक्य आहे काय, हा जुना वाद तत्त्वज्ञानाच्या पातळीवर कितीही रंगवता येईल; भारतात त्याची कसोटी अशा स्वयंपाकघरापाशी लागते.

वाद खरोखरच जुना आहे. १९३७ च्या वर्धा योजनेत गांधीजींनी धर्मशिक्षणाला स्थान दिले नाही, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. धर्म आज ज्या रीतीने शिकवले आणि आचरले जातात त्यातून ऐक्यापेक्षा कलहच वाढतो, अशी त्यांची भूमिका होती. सर्व धर्मांना समान असलेली सत्ये मुलांना अवश्य शिकवावीत. मात्र ती शब्दांतून वा पुस्तकांतून शिकवता येत नाहीत, शिक्षकाच्या रोजच्या जगण्यातूनच मुले ती शिकतात, असेही त्यांनी सांगितले होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ ने संपूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली, आणि गांधीजींच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग देशाचा कायदा झाला. दुसरा अर्धा भाग मात्र आपण विसरलो.

त्यानंतरचा इतिहास समित्यांचा आहे. राधाकृष्णन आयोगाने मौन चिंतन आणि थोर धर्मपुरुषांची चरित्रे सुचवली. श्रीप्रकाश समिती झाली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद केला, आणि नैतिक शिक्षणासाठी वेळापत्रकात आठवड्याला एक-दोन तास मागितले. १९९९ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पंचसूत्री मांडली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयीचे शिक्षण अनुच्छेद २८ च्या विरोधात जात नाही, असा निर्वाळा दिला. दिल्लीने २०१८ मध्ये ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम आणला. गुजरातने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या वर्गांत भगवद्गीता आणण्याची घोषणा केली. यांपैकी काही शिफारशी धर्माकडे झुकलेल्या, काही धर्मापासून दूर. तथापि नीती हा एक विषय आहे, त्याला पाठ्यसामग्री हवी आणि वेळापत्रकात तास हवा, हे गृहीतक बहुतेक सर्वांना मान्य. वाद उरला तो पुस्तक कोणते, एवढाच.

पुस्तक संपूर्ण निधर्मी असले म्हणजे भागते काय? तमिळनाडूचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. पेरियारांच्या बुद्धिवादी चळवळीचा एवढा खोल ठसा देशात दुसऱ्या कोणत्याही राज्यावर नाही. तेथील पाठ्यपुस्तकांच्या आरंभी अस्पृश्यता हे पाप आहे, गुन्हा आहे, अमानुष आहे अशा अर्थाचे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. तरीही त्याच राज्याच्या दक्षिण जिल्ह्यांत मुले मनगटावर आपापल्या जातीच्या रंगांचे पट्टे बांधून शाळेत येत राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात शिरून कोयत्याने वार केले. निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या एकसदस्यीय समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यातील शिफारशी पाहण्यासारख्या आहेत. मनगटावरचे पट्टे बंद करा, शाळांच्या नावांतील जातिवाचक शब्द काढा, वर्गात मुलांना नावाच्या आद्याक्षरांच्या क्रमाने बसवा. बाकावर शेजारी कोण, हे जातीने ठरवू नये म्हणून! समानतेवरील एखाद्या धड्यापेक्षा ही शेवटची, वरवर किरकोळ वाटणारी सूचना मला अधिक मोलाची वाटते.

धर्माची बाजू मांडणाऱ्यांचे एक म्हणणे येथे मान्य केले पाहिजे. सवय, पुनरावृत्ती आणि समुदाय यांशिवाय नीती अंगी बाणत नाही, आणि या तिन्ही गोष्टी धर्मापाशी आहेत, असे ते सांगतात. शिखांच्या लंगरकडे पाहिले की हे पटते. तेथे राजा आणि रंक एका पंगतीत जमिनीवर बसतात. समतेवर प्रवचन ऐकण्याआधी माणूस समतेत जेवतो. परंतु हा युक्तिवाद धर्मशिक्षणाच्या समर्थकांना वाटतो तेवढा त्यांच्या उपयोगाचा नाही. लंगरचे सामर्थ्य त्याच्या आचारात आहे, आणि आचार ही कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नव्हे. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबत आणि एकत्र जेवत. उलट सुखीढांगच्या मुलांपाशीही आचार होताच, तोही पिढ्यान्‌पिढ्या घोटलेला. तेव्हा आचार हवा, हे खरे. कोणता आचार, हा प्रश्न धर्म स्वतः सोडवू शकत नाही, कारण त्याच धर्माच्या नावाने दोन्ही आचार चालतात. तो निर्णय सर्वांना बांधील असणाऱ्या राज्यघटनेलाच करावा लागतो.

एकत्र वावरण्याने मुलांची नीती बदलते काय, याला पुरावाही आहे. दिल्लीतील महागड्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब कुटुंबांतील मुलांसाठी जागा राखून ठेवणे बंधनकारक झाले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतील सधन मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाल्याचे आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलांना कमी डावलत असल्याचे त्यात आढळले. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली. गणित आणि हिंदीत तीही नाही. या मुलांना कोणी औदार्याचा पाठ दिला नव्हता. त्यांची बसण्याची जागा तेवढी बदलली होती.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव प्रवेशांकडे या दृष्टीने पाहायला हवे. गरिबांना चांगली शाळा मिळावी हा त्या तरतुदीचा अर्धा हेतू. श्रीमंतांच्या मुलांना सहनागरिक भेटावेत हा उरलेला अर्धा. पण राज्यांना ही तरतूद जड वाटते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना या प्रवेशांतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. या दोन्हींच्या मध्ये, मे महिन्यात, राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला आणि त्यात मनाचे श्लोक व भगवद्गीतेचा अध्याय पाठ करून घेण्याची सूचना होती. अपेक्षेप्रमाणे पुढचे काही आठवडे कोणते ग्रंथ असावेत यावर वाद झडला. नीती ज्या बाकावर शिकता आली असती तो बाकच काढून घेण्याचा प्रयत्न त्याच वर्षी झाला होता. परंतु दोन बातम्या दोन वेगळ्या पानांवर राहिल्या.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून नागरी सेवा परीक्षेत नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका ठेवली आहे. तिच्यासाठी शिकवणी वर्गांच्या आदर्श उत्तरांचे गठ्ठे बाजारात मिळतात. नीतीचा विषय केला की त्याचे गाइड निघते, ही आपल्या व्यवस्थेची रीत आहे.

माध्यान्ह भोजन योजनेचे आजचे नाव पीएम पोषण. २०२१ मध्ये सुमारे ११.८ कोटी मुले तिच्या कक्षेत होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सहभोजनाचा उपक्रम जगात क्वचितच कुठे चालत असेल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य देण्याचा आदेश दिला होता. त्या आदेशाची अंमलबजावणी हे धोरण मानले जाते, शिक्षण मानले जात नाही; म्हणूनच तक्रार आली की स्वयंपाकीण बदलण्याचा सोपा मार्ग निवडला जातो, आणि मुले त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतात. योजनेत आता प्रत्येक जिल्ह्यात सामाजिक लेखापरीक्षण सक्तीचे आहे. अन्न कोण शिजवते, मुले कोणत्या क्रमाने बसतात, ताटे वेगळी ठेवली जातात काय, एवढे तीन प्रश्न त्या तपासणीत सर्वत्र घालावेत आणि उत्तरे शाळेच्या फलकावर लावावीत. त्यासाठी नवा आयोग नेमावा लागणार नाही आणि कोणत्याही धर्मग्रंथावर वादही होणार नाही.