पुस्तक आधी, पडदा नंतर

‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी पडद्यावर आली की पुढचे दोन-अडीच तास आपण सगळे खरे धरूनच पाहतो. त्यातला कोणता प्रसंग घडला आणि कोणता पटकथेत रचला गेला, हे पडताळायची सोय गावात असलीच तर वाचनालयातच असते. म्हणूनच बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावांत वाचनालयाने महिन्यातून एक बैठक भरवावी: एखादे आत्मकथन, त्यावरून निघालेला चित्रपट आणि मग मोकळी चर्चा.

सुरुवात अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ने व्हावी. अनंत माने यांचा याच नावाचा, हंसाबाईंची भूमिका असलेला चित्रपट १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. तेच नाव घेऊन १९७० मध्ये हंसाबाईंचे आत्मकथन आले. शब्दांकन अरुण साधूंचे. १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावरून हिंदीत ‘भूमिका’ काढला. मराठवाड्यातल्या वाचकाने हे पुस्तक खास वाचावे, कारण हंसाबाईंच्या आयुष्याची काही वर्षे इथल्याच एका खेड्यात गेली. ‘भूमिका’त त्या काळाच्या जागी विनायक काळे या पात्राचा वाडा येतो. घरातल्या लहान मुलाला जत्रेला घेऊन निघालेल्या नायिकेला, उषाला, अडवले जाते, आणि आपण कोंडले गेलो आहोत हे तिला तेव्हा उमगते. उषा झालेल्या स्मिता पाटीलचा त्या वेळचा चेहरा कुठल्याही वाक्याला भारी आहे. पण पुस्तकात बाई स्वतः बोलते, कुणाची भीड न ठेवता. पडद्यावर नाव बदललेल्या बाईकडे आपण बाहेरून पाहतो. आणि पुस्तकातले बोलणेही साधूंच्या लेखणीतून आले आहे. मग खरी हंसा कुठे भेटते? दोन्ही समोर असल्याशिवाय हा प्रश्न पडतच नाही.

चित्रपट दाखवला तर पुस्तक कोण उघडणार, ही शंका रास्त आहे. पण ‘श्यामची आई’चा अनुभव वेगळा आहे. १९३५ च्या त्या पुस्तकावरचा आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ साली आला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि पुस्तक आजही घरोघरी वाचले जाते. त्यातल्या बेचाळीस रात्री एका चित्रपटात मावणे शक्यच नव्हते. कोणत्या रात्री गळाल्या, हे मुलांनाच शोधायला सांगावे. पुस्तक आपोआप उघडले जाईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्यांना वाचता येत नाही किंवा वाचायला उसंत नाही, त्यांचे काय? याचे उत्तर गावाकडे पूर्वीपासून आहे. श्रावणात पोथी लागते तेव्हा एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि सगळा गाव ऐकतो. आत्मकथनही तसेच रोज थोडे मोठ्याने वाचता येईल. बायकांना जमेल अशी वेळ तेवढी धरावी. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. त्यामुळे वर्षाचा कार्यक्रम जानेवारीत सुरू करणे म्हणजे त्यांना वगळणेच. मृगाच्या आसपास आरंभ करून दसऱ्यापर्यंत पुस्तक-चित्रपटाच्या चार जोड्या झाल्या तरी पुष्कळ. वाचनालयांचे अनुदान तुटपुंजे आहे, हे खरे. पण एका पुस्तकाच्या चार प्रती, शाळेतला प्रोजेक्टर आणि चित्रपट दाखवण्याची रीतसर परवानगी एवढ्यावर काम भागते. ग्रामपंचायतीने निदान पहिल्या वर्षाचा हा खर्च उचलावा.