वीस माकडे कोणत्या खात्यात?



कोव्हॅक्सिन ही लस आपल्यापैकी पुष्कळांनी घेतली. माणसांवरील चाचण्या सुरू होत असतानाच तिची चाचणी वीस माकडांवरही झाली होती, आणि ती माकडे आपल्याच विदर्भातील, नागपूर परिसरातील होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी 2021 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ही हकीकत नोंदवली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेली लाल तोंडाची माकडे देशात मिळेनात. टाळेबंदीमुळे वस्त्यांतून मिळणारे खाणे बंद झाल्याने रानातली माकडेही आत दूरवर निघून गेलेली. वनखात्याने शोध घेतला, आणि तो शोध नागपूरजवळ संपला. तेथून ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेली.

तेथे पाच-पाच माकडांचे चार गट झाले. तीन गटांना लस मिळाली, चौथ्याला मिळाली नाही. दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी चारही गटांच्या शरीरात जिवंत विषाणू सोडण्यात आला. लस न मिळालेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया आढळला. लस मिळालेली बचावली. फुप्फुसाचा असा तपास प्राणी जिवंत ठेवून होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

हा हिशेब करोनापुरता असता, तर हे सदर मी त्यासाठी खर्ची घातले नसते. आपला जिल्हा भाताचा, तळ्या-बोड्यांचा आणि जंगलाचा. रोवणी आटोपते न आटोपते तोच गोरेगाव तालुक्यातील घराघरांत अंगदुखी आणि हुडहुडी सुरू होते, आणि आशाताई रक्ताच्या काचपट्ट्या घेऊन फिरू लागतात. त्या हिवतापाविषयी आज जे ज्ञान आहे, त्याचा मोठा भाग माकडांच्या शरीरातून आलेला आहे.

1897 साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, हे आपण शाळेत शिकलो. परंतु डास चावल्यानंतर ताप येईपर्यंतच्या दिवसांत तो जंतू शरीरात कोठे दडतो, हे त्यानंतर पन्नास वर्षे कोणालाच सांगता आले नाही. रक्तात तो सापडत नसे. 1948 साली शॉर्ट आणि गार्नहॅम या दोघांना लंडनमध्ये तो सापडला, तो एका ऱ्हिसस माकडाच्या यकृतात. यांतील शॉर्ट यांची उमेदीची वर्षे हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत गेलेली होती. पुढे 1980च्या दशकात अशाच माकडांच्या यकृतात जंतूची एक झोपी गेलेली अवस्थाही दिसली. महिनोन्‌महिने निपचित पडून राहायचे आणि मग जागे व्हायचे, हा तिचा क्रम. बरा झालेला रुग्ण पुन्हा तापाने का फणफणतो, याचा उलगडा तेव्हा झाला. प्रायमाक्वीनच्या गोळ्या त्याआधीपासूनच दिल्या जात. त्या चौदा दिवस का घ्यायच्या, हे आता कळले. (चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात टाकणारे सुशिक्षित गृहस्थ मी आमच्या बाजारपेठेतच पाहिले आहेत. ज्या जिवांच्या यकृतातून हे ज्ञान आले, त्यांचा हा दुहेरी अपमान होय.)

आणखी एक धागा कोलकात्याचा. 1932 साली तेथील उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात नोल्स आणि दासगुप्ता यांनी माकडांतील एक हिवताप अभ्यासला. सिंगापूरकडून आलेल्या माकडात तो सौम्य होता. आपल्याकडील ऱ्हिसस माकडात शिरला की बहुधा प्राण घेई. तो माणसालाही होऊ शकतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. याच जंतूच्या साहाय्याने 1975 साली लुई मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले की, ज्यांच्या तांबड्या पेशीवर डफी नावाचा घटक नसतो, त्यांच्या पेशीत हा जंतू शिरूच शकत नाही. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेकांना व्हायव्हॅक्स हिवताप का होत नाही, हे कोडे त्यातून सुटले. निसर्गदत्त प्रतिकारशक्ती ही कधी कधी केवळ दाराला कडी नसल्याने चोराची झालेली पंचाईत असते!

आता आपल्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या, बाजूकडे वळू. माकड ही या देशाची निर्यात होती. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात पोलिओच्या लशीसाठी वर्षाकाठी लाखाच्या वर माकडे परदेशी रवाना होत. ती केवळ वैद्यकीय कामासाठी वापरायची, अशी अट होती. अमेरिकेत ती लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली गेल्याचे उघड झाल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने 1978 पासून ही निर्यात बंद केली. वस्तू कोणती, भाव काय, हे पाहण्यापलीकडे ती पुढे कोठे जाते हे पाहणारा निर्णय म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. वीस माकडांच्या शरीरात जाणूनबुजून विषाणू सोडणे यांपैकी कशात मोडते? माझे एक स्नेही त्यास विरोधी म्हणतात. रोगाशी युद्ध होते, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. युद्ध विषाणूशी होते, माकडाने काय केले होते? नाव संकल्पीच द्यावे लागते. लाखो माणसे वाचली हेही तितकेच खरे, आणि लस घेणाऱ्या कोणालाही मी दोष देणार नाही. मीही घेतली आहे. बँकेत ज्या रकमेचे खाते ठरत नसे, ती आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवत असू. तेथे ठेवण्यास हरकत नसे, पण तपासनीस येई तेव्हा प्रत्येक नोंद किती दिवस पडून आहे, हे त्याला सांगावेच लागे.

सुदैवाने ही नोंद मिटवण्याचे मार्ग दिसू लागले आहेत. कोलकात्याचा तो जंतू 2013 पासून मानवी रक्तपेशींत, काचपात्रात वाढवता येतो. झोपी जाणारी ती अवस्थाही 2018 पासून मानवी यकृतपेशींच्या छोट्या पात्रांत तपासता येऊ लागली आहे. औषधचाचण्यांच्या आपल्या नियमांत 2023 साली प्राण्यांविनाच्या पद्धतींना मान्यता मिळाली. फॅल्सिपेरम हा माणसाचा घातक हिवताप तर ऱ्हिसस माकडात रुजतच नाही. त्यावरील लशींची परीक्षा संमती देणाऱ्या स्वयंसेवकांनी स्वतःस डास चाववून घेऊन दिली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-21 लशीस 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली, तिच्यामागे आफ्रिकेतील मुलांच्या मोठ्या चाचण्या आहेत. अर्थात माकडांची गरज संपली असे नाही. ती कमी होते आहे, आणि किती वेगाने होईल हे पुष्कळसे पैशावर अवलंबून आहे.

पैशाची भाषा आपल्याला समजते. पर्युषणात जीवदयेच्या नावाने जमा होणारी रक्कम आपण पांजरापोळास देतो, आणि ती दिलीच पाहिजे. तिचा शंभरातला एक भाग अशा काचपात्रांच्या संशोधनास द्यावा, असा प्रस्ताव आमच्या संघाच्या पुढील सभेत मांडण्याचे मी योजिले आहे. आपल्यापैकी ज्यांची औषधांची घाऊक दुकाने आहेत, त्यांनी दुजोरा द्यावा. पावती नेमकी कोणत्या संस्थेच्या नावे फाडायची, हा खजिनदारांचा पहिला प्रश्न असेल. त्यासाठी एका विद्यापीठास मी पत्र धाडले आहे, उत्तराची वाट पाहतो आहे.