बॅकलॉग, बॅकलॅश आणि आमचा रिपोर्ट

हॉस्टेलवर 'बॅकलॉग' कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या ग्रुपला फायनल इयरला त्याचाच चुलतभाऊ भेटला, 'बॅकलॅश'!

प्रोजेक्ट तसा साधा. छोटी दुर्बीण हव्या त्या कोनात अचूक फिरवायची. स्टेपर मोटरच्या एका फेरीला २०० स्टेप्स, म्हणजे एका स्टेपला १.८ अंश. तिला सिंगल स्टार्ट वर्म आणि ६० दात्यांचं व्हील जोडलं की एक स्टेप फक्त ०.०३ अंश! कागदावर आम्ही जिंकलोच होतो.

जोडणी झाली. उजवीकडे फिरवलं, झकास. डावीकडे वळवलं तर मोटर फिरतेय आणि दुर्बीण ढिम्म! नऊ-दहा स्टेप्स गेल्यावर बाईसाहेब हलल्या. वर्कशॉपचे मामा व्हील हाताने हलवून म्हणाले, "पोरांनो, प्ले किती आहे बघा की." मोजला, ०.१५ मिमी. व्हीलची त्रिज्या ३० मिमी. म्हणजे चूक जवळजवळ ०.२९ अंश. आकाशात चंद्र साधारण अर्धा अंश दिसतो. आमचं 'अचूक' यंत्र अर्ध्या चंद्राहून जास्त चुकत होतं!

मग सल्ले सुरू. "०.०३च लिहा रे, व्हायवाला कोण हात लावून बघतंय?" खोटं कशाला बोलू, मोह झाला.

पण मित्रांनो, प्ले असणं हा गुन्हा नाही. तेलाला आणि तापून फुगणाऱ्या धातूला थोडी जागा लागतेच, नाहीतर गिअर जाम होतात. उपायही आहेत. स्प्रिंगने वर्म व्हीलवर दाबून ठेवा. किंवा प्रत्येक कोनाकडे एकाच बाजूने या. उलटं जायचं तर थोडं पुढे जाऊन परत या. आम्ही दुसरा उपाय केला, कारण खिसा रिकामा! आणि दोन्ही दिशांची रीडिंग्ज रिपोर्टमध्ये जशीच्या तशी छापली.

माझं मत स्पष्ट आहे. जुने रिपोर्ट आपण सगळेच चाळतो. आम्ही ०.०३ लिहिलं असतं तर पुढची बॅच त्यावर विसंबून त्याच खड्ड्यात पडली असती. म्हणून सरांनाही विनंती, चूक मोजून लिहिणाऱ्याचे मार्क कापू नका.

बॅकलॉग पुढच्या परीक्षेत निघतो. लपवलेला बॅकलॅश मात्र ज्युनिअर्सच्या माथी बसतो.