रेशनच्या पिशवीत नाचणी हवी

प्रति,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन



मालवण तालुक्यातल्या एखाद्या घरात कुणाला ‘साखर’ निघाली, की डॉक्टर सांगतात: भात कमी करा, उसळ-भाजी वाढवा, गोड बंद. घरातली बाई यादी करायला बसते आणि पहिल्याच ओळीवर अडते. कारण त्या घरातल्या धान्याची पहिली ओळ आपल्या विभागाने आधीच लिहून ठेवलेली असते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. चार माणसांच्या घरात २० किलो तांदूळ-गहू येतो. हा आधार मोठा आहे, तो कमी व्हावा असे कुणीच म्हणणार नाही. पण डब्यात फुकटचा पांढरा तांदूळ असताना रोख मोजून नाचणी आणि कुळीथ घ्यायला हात धजत नाही. मग सकाळी पेज, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. पथ्य कागदावरच राहते.

खरे तर पथ्याचे सामान याच मातीतले. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमहून कमी, नाचणीत सुमारे अकरा. कुळथात प्रथिने जवळपास बावीस ग्रॅम. नाचणीतही पिष्ट भरपूर असते, म्हणून भाकरी मोजूनच खायची आणि गूळ घातलेल्या सत्त्वाला पथ्य समजायचे नाही. पण पांढऱ्या भाताऐवजी एक भाकरी आणि वाटीभर कुळथाची पिठी, हा बदल मालवणी जिभेला शिकवावा लागत नाही.

सर्वांत अवघड असते ती आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बांगडा-तारल्यांत पिष्ट नसते, पोटही भरते. ते ताटातून गेले की त्यांची जागा भात घेतो. सुका बांगडा, सुका जवळा आहेच, पण त्यात मीठ फार, आणि मधुमेहाबरोबर रक्तदाबही अनेकांना असतो. म्हणून मे महिन्याच्या बेगमीत कुळीथ, चवळी, मूग आधी भरावे लागतात. कोकम घेतानाही आगळ घ्यायचे, साखरेत मुरवलेले अमृत कोकम नव्हे, आणि आगळातल्या मिठाचा हिशेब ठेवायचा. एवढा विचार करणाऱ्या घराला कायद्याच्या शिध्यात डाळीचा एक दाणाही नाही.

प्रश्न थोड्या घरांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले, आणि सर्वांत जास्त गोव्यात: २६.४ टक्के. बांदा-दोडामार्गची हद्द ओलांडली की गोवा. दोन्हीकडे ताट भात-माशांचेच.

आपण म्हणाल, धान्य केंद्राकडून येते. पण त्याच कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरड धान्यही लिहिलेले आहे. कर्नाटकात रेशनवर नाचणी मिळते. तामिळनाडूने २०२३ मध्ये निलगिरी आणि धर्मपुरी जिल्ह्यांत दोन किलो तांदळाऐवजी दोन किलो नाचणी द्यायला सुरुवात केली. केरळात रेशनवर उकडा तांदूळ मिळतो. इथेही पेजेला तोच लागतो, आणि पांढऱ्याच्या मानाने त्याने साखर सहसा सावकाश चढते.

सणाच्या शिध्याचेही तसेच. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ आला: रवा, साखर, चणाडाळ, पामतेल. मधुमेही असलेल्या घराच्या कामाची त्यात फक्त डाळ. पुढे कधी असा संच काढाल, तेव्हा साखरेऐवजी कुळीथ घेण्याची मुभा ठेवा.

मागणी साधी आहे. सिंधुदुर्गातल्या ज्या कार्डधारकाला हवे, त्याला माणशी पाचातला एक किलो नाचणी म्हणून मिळावा आणि तांदूळ शक्य तिथे उकडा मिळावा. २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये ठरला. हमीभावाने जिल्ह्यातच खरेदी झाली, तर पडीक पडलेल्या वरकस जमिनीतही पुन्हा नाचणी लागेल. सुरुवात एका तालुक्यापासून करा, हवी तर मालवणपासून. पण येत्या खरिपाच्या खरेदीआधी निर्णय घ्या.