पोहता येतं का?



वसईच्या होळी भागातल्या आमच्या गटाच्या चौदा जणी मागच्या पावसाळ्यात कोलाडला कुंडलिका नदीवर गेलो. 'या वयात?', 'कपडे कोणते घालणार?', 'घरी कोण बघणार?' हे प्रश्न झाले. तरी गेलो.

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटलं की कुंडलिका खळाळते. त्याच पाण्यावर रबरी होड्या निघतात. लाइफ जॅकेट बांधताना प्रशिक्षकाने विचारलं, "पोहता कुणाकुणाला येतं?" एकच हात वर झाला.

समुद्राजवळ राहणाऱ्या आम्ही! विहिरीचं पाणी शेंदलं, बावखलावर कपडे धुतले. त्याच बावखलात आमचे भाऊ दिवसभर डुंबायचे आणि आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो. पाळी सुरू झाल्यावर तर काठावर बसणंही बंद झालं. पाण्याचं काम आमच्या वाट्याला, पाण्याचा खेळ त्यांच्या.

आमच्या होडीसोबत एक तरुण कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीत होता. कुणी पडलंच तर बाहेर काढायला. लाटेत त्याची कयाक उलटली, तो पाण्याखाली गेला आणि वल्ह्याच्या एका झटक्यात पुन्हा सरळ झाला. गटातली एकोणीस वर्षांची मुलगी म्हणाली, "ताई, मला हे शिकायचंय." प्रशिक्षक म्हणाला, "आधी पोहणं, मग उलटलेली कयाक सरळ करणं, मग नदी."

म्हणजे अडलं आहे ते ताकदीपाशी नाही, शिकण्याच्या संधीपाशी. १९९४ साली बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली १८ स्त्रियांनी हरिद्वार ते कलकत्ता हा गंगेवरचा २,१५५ किलोमीटरचा प्रवास रबरी होड्यांतून ३९ दिवसांत केला. २०१८ साली फ्रान्सची नुरिया न्यूमन लडाखच्या नद्यांवर एकटी कयाक घेऊन उतरली. तीही त्या प्रवासात बुडता बुडता वाचली. धोका तिला ठाऊक होता, पण उतरायचं की नाही हे तिने स्वतः ठरवलं होतं.

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात ३९१ स्त्रिया आणि १४६ पुरुष दगावल्याचं ऑक्सफॅमच्या २००५ च्या अहवालात नोंदलं आहे. स्त्रियांपेक्षा पुरुषांना पोहता येण्याचं प्रमाण जास्त, हे स्त्रियांच्या अशा मृत्यूंमागचं एक कारण त्यात दिलं आहे. जुलै २०१८ मध्ये वसईतही घराघरांत पाणी शिरलं होतं. मुलीला पाण्यापासून लांब ठेवून आपण तिला वाचवत नाही. पाणी दारात येतं तेव्हा ती तयार नसते, एवढंच.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सार्वजनिक तरणतलावात स्त्रियांसाठी सोयीची वेळ, परवडणारी फी, स्त्री प्रशिक्षक आणि अंगभर पोहण्याच्या कपड्यांना मुभा. शाळेत मुलींनाही पोहण्याचे धडे. आपापल्या गावी अर्ज द्या, पाठपुरावा करा.

आमच्या चौदापैकी नऊ जणींनी पोहायला शिकायचं ठरवलं आहे. त्यांत मीही आहे. पहिल्या दिवशी नाकात पाणी जाईल, लोक हसतील. हसू देत.

तुमचे अनुभव जरूर कळवा.