रंध्याचे पाणी कोणाच्या हाती?

आपल्या मंडळातील बरीच कुटुंबे पावसाळ्यात भंडारदऱ्याला जातात. ऑगस्टमध्ये गर्जणारा रंधा धबधबा उन्हाळ्यात मात्र बहुधा कोरडा कातळ असतो. याला फक्त ऋतू कारणीभूत नाही.

प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. साठा सुमारे ११ टीएमसी. हे पाणी मुख्यतः शेतीच्या आवर्तनासाठी सुटते आणि जाता जाता वीज देते. एक वीजघर धरणापाशी आहे, दुसरे ३४ मेगावॅटचे कोदणीला. पाणी जितक्या उंचीवरून पडेल तितकी वीज जास्त, म्हणून रंध्याची उंची हीच कोदणीची कमाई. त्यासाठी पाणी धबधब्याच्या वरच अडवून वळवले जाते. वीजघराला पुरून उरेल तेच कड्यावरून कोसळते.

आता यात वारा आला. आपल्या खानदेशात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. वारा पावसाळ्यात भरपूर, पण तो मागणी पाहून वाहत नाही. वाऱ्याची वीज असताना धरणाचे पाणी राखायचे आणि संध्याकाळी टंचाईच्या वेळी सोडायचे, हा हिशेब बरोबरच आहे. मात्र त्यामुळे खालच्या नदीचा प्रवाह तासातासाला बदलू शकतो.

प्रवरेच्या उगमाकडील घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. जादा विजेवर पाणी वर चढवायचे, गरजेला खाली सोडायचे. अशा आणखी प्रकल्पांचे करार महाराष्ट्र सरकारने केले आहेत. तेच पाणी पुन्हा फिरते हे खरे, पण पहिली भरणी आणि बाष्पीभवनाची तूट शेवटी पावसाच्या व नदीच्याच पाण्यातून भरावी लागते.

नायगाराबाबत अमेरिका आणि कॅनडाने १९५० मध्ये करार केला. पर्यटनाच्या काळात दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी धबधब्यावर ठेवायचे, इतर वेळी निम्मे. उरलेले विजेला. म्हणजे दोन्ही साधता येते, फक्त आकडा आधी लिहून ठेवावा लागतो.

धरणातून पाणी कधी आणि किती सोडले जाते याचे महत्त्व सुरतकरांना सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या विसर्गाने आपले शहर बुडाले होते. स्वच्छ वीज हवीच. पण प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या मंजुरीतच नदीचा किमान प्रवाह आणि पाणी सोडण्याच्या वेळा ठरवून जाहीर व्हाव्यात. गावाकडे जनसुनावणी झाली, तर आपल्या नातलगांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.