संच थांबला, घटाचे काय?

सोनी कंपनीचा 'प्लेस्टेशन व्हिटा' हा हातात धरून खेळायचा संच जपानमध्ये २०११ साली विक्रीस आला. २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले. मार्च २०२१ मध्ये त्याचे खेळ विकणारे इंटरनेटवरील दुकानही बंद करण्याचे कंपनीने जाहीर केले. ग्राहकांनी ओरड केली, तेव्हा एप्रिलमध्ये निर्णय फिरला.

पण विद्यार्थिमित्रांनो, आतल्या लिथियम घटाचे काय? वापरा वा ठेवून द्या, त्याची क्षमता घटतच जाते, आणि हे निर्मात्याला विकतानाच ठाऊक असते! युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार, फेब्रुवारी २०२७ पासून असा घट ग्राहकाला स्वतः बदलता यावा आणि शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान ५ वर्षे तो सुटा मिळावा. माझ्या मते ही मुदत तुटपुंजी आहे. जुन्या शिवणयंत्राची सुई आजही मिळते, कारण तिचे माप ठरलेले आहे. घटाचेही ठरवावे.